तिसरी खेप

विभागात तिला नावाने कुणी ओळखत नसे. विद्यार्थी तिला ‘तिसरी खेप’ म्हणायचे. तोंडावर नव्हे हो, एवढी छाती कुणाची! पण तिची पाठ वळली की सुरू. कारणही तसंच होतं. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला घरोघर जाऊन माहिती गोळा करायचं काम असतं. त्याचा नियम असा, की निवडलेल्या घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. तिन्ही खेपांना कुलूप दिसलं, तरच ते घर सोडून त्याच्या उजवीकडचं घ्यायचं. नियम छापील, सगळ्यांना पाठ. पण दोन खेपांत पाय दुखायला लागतात, आणि तिसरी खेप घरी बसून कागदावरच उरकली जाते. बाकीचे प्राध्यापक कानाडोळा करायचे. ही बाई मात्र तिसऱ्या खेपेला स्वतः गल्लीच्या तोंडाशी छत्री उघडून उभी. विद्यार्थी आला तर एक शब्द बोलायची नाही. नाही आला, तर त्याचं वर्ष गेलंच म्हणून समजा.

एवढी कडक का, याचा पत्ता कुणाला नव्हता. लोकांना फक्त तिच्या तऱ्हा दिसायच्या. कुलूप लावलेलं दार दिसलं की तिचा पाय अडखळायचा, मग हातात भाजीच्या जड पिशव्या का असेनात. एकदा जिन्याखालच्या खोलीचं कुलूप ती वाजवत असताना शिपायाने पाहिलं.

“बाई, आत झाडू आहेत,” तो म्हणाला.

“माहीत आहे रे,” ती म्हणाली, आणि ओशाळून हात मागे घेतला.

दुसरी तऱ्हा चार वाजताची. दुपारी चारला सगळा विभाग चहाला जमायचा. हिच्या हातात कप असायचा, गप्पाही चालू असायच्या, आणि घड्याळात चार झाले की ही मध्येच गप्प. मान दाराकडे वळवून बसायची. दोन-तीन मिनिटांनी परत माणसात यायची आणि म्हणायची, “हं, काय म्हणत होतात?” चहा तोवर गार झालेला असायचा. लोकांनी त्याचेही विनोद केले. लोकांना काय, दुसऱ्याच्या जिवावर हसायला पैसे पडत नाहीत.

खरं तर ती या विषयाकडे वळली ती नाइलाजाने. आई दवाखान्यात नर्स. मुलीने डॉक्टर व्हावं म्हणून तिने जिवाचं रान केलं, पण मार्क कमी पडले. संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, “आता काय, नाणी उडवत बसणार? त्याचीही पदवी मिळते का?”

आणि गंमत बघा, पहिल्याच आठवड्यात सरांनी तेच सांगितलं. घरी जा, नाणं दोनशे वेळा उडवा, छापा की काटा ते ओळीने लिहून आणा. भावाला हसून हसून ठसका लागला. तिने मात्र पलंगावर बसून दोनशे वेळा नाणं उडवलं. एकशे साठच्या आसपास सलग आठ वेळा छापा आला. ती घाबरली. सरांना खोटं वाटेल, म्हणून मधला एखादा बदलावा असंही मनात आलं. पण तसाच लिहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळे कागद वाचले आणि टेबलावर दोन ढीग केले. “हे नाणं उडवून लिहिलेले. हे नुसतेच लिहिलेले.” सर म्हणाले, “खोटं लिहिणारा भित्रा असतो. सलग आठ छापे लिहायची त्याची हिंमत होत नाही. तीन झाले की लगेच काटा टाकतो.” मग त्यांनी तिचा कागद वर धरला. “ही मुलगी खरं लिहिते. हिचे कागद मी तपासणार नाही.”

दुसऱ्या ढिगात सगळ्यात वर ज्याचा कागद होता, तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. “दोनशे वेळा नाणं उडवलं असतं तर घरच्यांनी मला वेड्यात काढलं असतं,” तो कुजबुजला. तिला वाजले किती विचारलं तर ही सांगायची, तीन वाजून साडेसतरा मिनिटं. म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं दशांश. पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं, म्हणजे हे नाव जन्माचं चिकटलं.

शेवटच्या वर्षी त्या दोघांची जोडी लागली. गावाच्या कडेला एक जुनी वस्ती होती. तिथल्या नळाला पाणी गढूळ येतं अशी ओरड होती. नगरपालिकेने विभागाला काम दिलं. वस्तीत घरं दोन हजार. दर दहावं घर घ्यायचं, म्हणजे दोनशे घरं. गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या का, एवढं विचारायचं. शंभरात पाच किंवा जास्त घरं आजारी निघाली तर नळाची जुनी लाइन याच वर्षी बदलायची. पाचापेक्षा कमी निघाली तर वस्तीने आपली पाळी येईपर्यंत थांबायचं.

अकरा घरांना कुलूप होतं. त्यातल्या दहा घरांना दोघांनी नियमाप्रमाणे तीन-तीन खेपा घातल्या. उरलं एका गल्लीच्या टोकाचं, चाळीस नंबर. सोमवारी कुलूप. मंगळवारी कुलूप. पायरीवर लहान पोराची लाल चप्पल पडलेली होती. एकच. तिने ती पाहिली, दुसरी कुठे गेली म्हणून इकडेतिकडे नजरही टाकली, आणि विसरून गेली.

उजवीकडच्या घरातली शेजारीण म्हणाली, “रविवारपासून नाहीत. घाईघाईत गेले कुठेतरी.”

आता कुणी शहाणं माणूस विचारेल की नाही, घाई कसली होती बाई? तिने नाही विचारलं. छापील प्रश्नांत तो प्रश्न नव्हता. जोडीदार म्हणाला, आलोच आहोत तर या शेजारणीचाही कागद भरून ठेवू, मागाहून खेप वाचेल. शेजारणीच्या अंगणात स्वतःची विहीर, घरात सगळे ठणठणीत. निघताना तिने शेजारणीला सांगितलं, “ते आले तर सांगा, गुरुवारी चार वाजता आम्ही परत येतो. पाण्याचं विचारायचंय.”

गुरुवारी विमा कंपनीची माणसं नोकरीच्या मुलाखती घ्यायला विभागात आली. तीनची वेळ दिली आणि पाच वाजेपर्यंत ताटकळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कागद द्यायचे होते. व्हरांड्यात बसून तिने चाळीस नंबरचा कागद काढला. तिसऱ्या खेपेची ओळ रिकामी होती.

“लिही की,” तो म्हणाला. “चार वाजता, कुलूप. दोनदा होतं, तिसऱ्यांदाही असणारच. दोनशेतलं एक घर! त्याने काय आभाळ कोसळणार आहे?”

तिने लिहिलं. तिसरी खेप, गुरुवार, चार वाजता, कुलूप. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. सरांनी कागद तपासले नाहीत.

दोनशे घरांपैकी नऊ घरं आजारी निघाली. म्हणजे शंभरात साडेचार. वस्ती थांबली.

परीक्षा झाली आणि वर्ग पांगला. कुणी बँकेत गेलं, कुणी हवामान खात्यात पावसाचे अंदाज चुकवायला गेलं, एकजण दंतमंजनाच्या कंपनीत लागला आणि दहापैकी आठ दंतवैद्यांच्या मागे फिरायला लागला. कारखान्यातल्या खिळ्यांची लांबी मोजायला गेलेला एकजण पुढे त्याच कारखान्याचा व्यवस्थापक झाला. विमा कंपनीने त्या दोघांनाही घेतलं होतं. तो तिकडे गेला. तिला आई म्हणाली, “डॉक्टर नाही तर नाही, निदान दवाखान्यात तरी ये.” आईच्या शब्दाखातर ती मोठ्या दवाखान्याच्या नोंदणी खोलीत लागली. जुने केसपेपर काढायचे, आजार, वय, पत्ता यांचे तक्ते करायचे. काम कंटाळवाणं, पण तिला आवडायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात त्या वस्तीत साथ आली. चौतीस माणसं भरती झाली, तीन गेली. त्यानंतर घाईघाईने नळाची लाइन बदलली. तिने तेव्हाच पाहणीचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला होता. नऊ म्हणजे साडेचार, गणित बरोबर होतं. तिने मनाची समजूत घातली.

मग एका दुपारी आदल्या वर्षीचा गठ्ठा सोडला तर त्यात त्या वस्तीचे पत्ते दिसायला लागले. तारखा त्यांच्या पाहणीच्या आठवड्यातल्या. कुलूप लावलेली अकरा घरं तिला तोंडपाठ होती. त्यांतली सहा त्या गठ्ठ्यात निघाली. घरं बंद होती कारण घरातली माणसं इथे, या दवाखान्यात, सलाइन लावून पडली होती. आणि नियम सांगत होता, उजवीकडचं घर घ्या.

सहावा कागद चाळीस नंबरचा. मुलगी, वय तीन. रविवारी दाखल. गुरुवारी सकाळी साडेसातला मृत्यू. देह अकरा वाजता घरी नेला.

गुरुवारी अकरानंतर ते घर बंद नव्हतं. चार वाजता त्या दाराला कुलूप असणं शक्यच नव्हतं. ती गेली असती, तर दार सताड उघडं मिळालं असतं. आणि नऊच्या जागी दहा झाले असते. दोनशेत दहा म्हणजे शंभरात पाच. पुरते पाच. दशांशसुद्धा नाही.

तिने ते विमावाल्याला सांगितलं, तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलं होतं. तो म्हणाला, “नियमच आंधळा होता. बाकीच्या पाच घरांचं काय? तिथे तर आपण तीनदा गेलो होतो.”

“त्या पाचांचं पाप नियमाचं,” ती म्हणाली. “हे आपलं.”

“झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार?” त्याने विषय संपवला. संपवला म्हणजे आपल्यापुरता. पण नवं घर घेतलं तेव्हा कडीकोयंडा काढून दाराच्या आत बसणारं कुलूप त्यानेच लावून घेतलं. बाहेर लोंबणारं कुलूप त्या घराला कधीच आलं नाही.

ती एकदा सरांकडे सांगायला गेली होती. सर नव्या मुलांना शिकवत होते. तिला दारात पाहून केवढे खूश झाले! “या, या. ही बघा रे, माझी खरं लिहिणारी मुलगी.” वीस-पंचवीस पोरांनी वळून पाहिलं. ती मूग गिळून परत आली. पुढे सर गेले. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर तिने आरोग्य खात्यात पाहण्या केल्या, माता-बालकांच्या, हिवतापाच्या, पाण्याच्या. बढत्या मिळाल्या. शेवटी विद्यापीठात शिकवायला आली. कुठेही गेली तरी चाळीस नंबर बरोबर आला. कागदावर तिसऱ्या खेपेची रिकामी ओळ दिसली की त्या ओळीत तिला लाल चप्पल दिसायची. ही काही बोलायची पद्धत नव्हे, खरोखर दिसायची. लहानशी, पट्टा तुटलेली, एकच. कडेवर उचलून पळताना पायातून गळून पडलेली. तीस वर्षांत वस्तीच्या बाजूला ती फिरकली नाही. विद्यार्थ्यांना सगळीकडे पाठवलं, तिथे कधी नाही. दार उघडलं तर काय सांगायचं, हेच तिला माहीत नव्हतं.

एकतिसाव्या वर्षी नगरपालिकेने पुन्हा वस्तीची पाहणी मागितली. नाही म्हणायला कारण नव्हतं. वर्गासमोर तिने डबा हलवला. दर दहावं घर घ्यायचं, पण सुरुवात कुठल्या घरापासून, ते चिठ्ठीने ठरवायचं. डब्यात एक ते दहा अशा चिठ्ठ्या. तिने हात घातला. चिठ्ठी निघाली दहाची. दहा, वीस, तीस, चाळीस.

दहातली एक शक्यता. यात भूतबित काही नसतं, हे ती इतकी वर्षं पोरांना घसा फोडून सांगत आली होती. तरीही तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. चिठ्ठी परत टाकावी, बोटं चुकली म्हणावं, कुणाला कळणार होतं? पुढच्या बाकावरची मुलगी वही उघडून वाट बघत होती. “दहा,” तिने सांगितलं.

बुधवारी तीच मुलगी कागद घेऊन आली. “बाई, चाळीस नंबर दोनदा बंद होतं. शेजारी म्हणतात, त्या घरात एकटी म्हातारी बाई असते, डोळे दाखवायला गेली असेल. उद्या मला परीक्षा आहे. उजवीकडचं घेऊ का?”

“नको,” ती म्हणाली. “तिसरी खेप माझी.”

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो वर्तमानपत्र घडी करून बसून राहिला. आता निवृत्त माणूस, दिवसभर कोडी सोडवायचा. “काय बोलणार तिथे जाऊन?” त्याने विचारलं.

“छापील प्रश्न विचारीन. पुढचं तिथे गेल्यावर.”

“उगाच एका म्हाताऱ्या बाईच्या जखमेवरची खपली काढशील, दशांश.” मग चप्पल घालायला लागला. “चल. मी येतो. पण मी कोपऱ्यावरच थांबेन.”

गल्ली रुंद झाली होती, विहीर बुजवलेली होती. चाळीस नंबरचं दार उघडं होतं. आत एक म्हातारी खिडकीपाशी डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसली होती.

“कोण ते?”

“विद्यापीठातून आले. पाण्याचं विचारायचंय.”

“पाण्याचं?” म्हातारी ताठ बसली. “बसा. तो तांब्या झाकलेला आहे, पेला घ्या. उन्हातून आलात.”

तिने पेला भरला, पण तोंडाला लावेना. कागद काढला. घरात माणसं किती? एकच. मुलं दोन, ती परगावी. गेल्या पंधरा दिवसांत कुणी आजारी? डोळा सोडून काही नाही. पाणी कसं येतं? चांगलं येतं. प्रश्न संपले. छापील कागदाला काय, तो संपतोच. उठून जाता आलं असतं.

म्हातारीच म्हणाली, “पाण्याचं विचारायला फार वर्षांपूर्वी एक मुलगी यायची होती. माझी धाकटी गेली तो दिवस. सकाळी तिला घरी आणली, नंतर पोचवून आले, माणसं बसलेली होती. शेजारीण म्हणाली, एक मुलगी दोनदा येऊन गेली, चारला परत येते म्हणालीय, पाण्याचं लिहून घ्यायला. मला रडू येईना बघा. मी उठले, नळाचं पाणी बाटलीत भरलं. तळाशी एवढा गाळ बसला. ती बाटली घेऊन दारात बसले. म्हटलं, तिला दाखवते. ती लिहून नेईल, मग दुसऱ्या कुणाचं पोर तरी राहील.” तिने पट्टी नीट केली. “सगळे म्हणत होते, आत चल. मी म्हटलं, चार वाजू देत. मग पाच वाजले. आठ दिवस ती बाटली दारात होती.”

पेला जमिनीवर ठेवताना वाजला.

“ती मी,” बाई म्हणाली. “मी आलेच नाही. नोकरीच्या मुलाखतीला बसले होते. आणि कागदावर लिहिलं, चार वाजता आले, कुलूप होतं.” एवढं बोलून तिला हुंदका फुटला. एकतीस वर्षं अडलेला होता तो, सहजासहजी थांबेना.

म्हातारी उघड्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं.

“कुलूप होतं लिहिलंत?” तिने शेवटी विचारलं. “मी तर दारातच होते.”

मग म्हातारीने चाचपडत पेला उचलला आणि तिच्यापुढे केला. “प्या. आता चांगलं येतं.”

तिने तो घोट घोट करून संपवला.

कोपऱ्यावर नवरा भिंतीला टेकून उभा होता. “उघडं होतं?” त्याने विचारलं.

“होतं.” तिने डोळे पुसले. “तेव्हाही होतं. बाटलीत पाणी भरून ती दारात बसली होती. आपल्याला दाखवायला. चारपासून.”

त्याचा चेहरा उतरला. खिशातला रुमाल काढून त्याने उगाच हात पुसले, परत ठेवला, परत काढला. “माझं नाव सांगितलंस?”

“नाही.”

“लिही म्हणून मी म्हटलं होतं,” तो म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. आणि तिच्यासाठी न थांबता गल्लीत शिरला. ती बघत राहिली. दार उघडंच होतं, तरी त्याने पायरीखाली उभं राहून कडी वाजवली.